नानाकाकांच्या डब्यातल्या पाचरी

आमच्या प्लांटमध्ये फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून नानाकाका गेल्याचं मला जेवणाच्या सुट्टीत कळलं, तोवर घरून सात मिस्ड कॉल येऊन पडले होते. आणि त्या पूर्ण सकाळी मी काय करत होते, तर प्रेसवर उभं राहून स्वतःचाच रेकॉर्ड तोडत होते... हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे हिंमत होणार नाही. पीथमपूरहून देवासला येईपर्यंत डोक्यात एकच फिरत होतं, की रविवारी मी त्यांच्याशी भांडून, ताट अर्धं सोडून उठले होते.

नानाकाका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. देवासच्या एका कारखान्यात प्रेस-शॉपमध्ये पूर्ण नोकरी काढली, त्यातली बरीच वर्षं युनियनचं काम. कारखान्यात सगळे त्यांना नाना भिया म्हणायचे. आमच्याकडे बाकी सगळे मास्तर नाहीतर बाबू, मशीनवाले ते एकटेच, आणि दोन वर्षांपासून मी. मी ठेक्यावर लागले तेव्हा बाबांचं तोंड उतरलं होतं. नानाकाकांनी फक्त विचारलं, "प्रेस आहे? दोन बटणांची?" मी हो बोलले. "मग दोन्ही दाबत जा," एवढंच.

आता हे दोन बटणांचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. प्रेसला डावीकडे एक, उजवीकडे एक बटण असतं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा वजनदार साचा खाली येतो आणि पत्रा कापतो. मतलब तुमचे दोन्ही हात बटणावर, तर साच्याखाली कोणाचाच हात नाही. पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग एक हात मोकळा, त्या हातानं फटाफट पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण मारायचं. काम जवळजवळ दीडपट होतं. आणि हात चुकला तर... ते सांगायला नको. पाचर कोणी वाटत नाही, कोणी लावा म्हणत नाही. ती आपणच बनवतो, आपापल्या बटणाच्या मापाची.

नानाकाका शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मशीन-मशीन फिरून या पाचरी उपटायचे आणि आपल्या जेवणाच्या डब्यात टाकून घरी आणायचे. लोक चिडायचे, पाचरीला तिकडे फच्चर म्हणतात. "नाना भिया, फच्चर तो तम लई जाओ, टारगेट कुण पूरो करेगा?" त्यावर हे म्हणायचे, "जिसकी उँगलियाँ बचेंगी, वो." घरी काकूंनी चिवड्याचा एक जुना पत्र्याचा डबाच देऊन टाकला होता त्या पाचरींना. लहानपणी आम्ही त्यांचे किल्ले करायचो. काकू बोलायच्या, "लोकांचे नवरे कारखान्यातून बोनस आणतात, आमचे सरपण आणतात." पण त्यातल्याच एका पाचरीवर त्यांचं कपाट उभं आहे, एक शिलाई मशीनच्या पायाखाली, एक मागच्या दाराला, वारा आला की दार आपटू नये म्हणून.

तर तो रविवार. मी आत शिरल्या-शिरल्या सांगायला सुरुवात केली, चप्पल पण नीट काढली नव्हती. की काका, पूर्ण लाइनमध्ये माझा पीसचा नंबर सगळ्यात जास्त आलाय, सुपरवायझर सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आता पुढच्या पंधरवड्यात टाइम काढणार आहेत, एका पीसला किती सेकंद लागतात त्यावरून सगळ्यांचं टारगेट ठरवणार, आणि घड्याळ माझ्याच मशीनवर लावणार आहेत. आणि नंबर चांगला आला तर परमनंटसाठी माझं नाव वर जाणार. काकू साबुदाण्याची खिचडी वाढत होत्या. नानाकाकांनी घास खाली ठेवला.

"पाचर लावून?"

मी बोलले, सगळेच लावतात.

"सगळेच नाही लावत. कोण नाही लावत?"

मला सीमाचं नाव घ्यावं लागलं. सीमा माझी रूममेट, डहीची, धार जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाची. ती पाचर लावतच नाही, भीती वाटते म्हणते, आणि तिचा नंबर रोज कमी पडतो, रोज बोलणी खाते. "मग टारगेट वाढलं की तिचं काय होईल?" नानाकाकांनी विचारलं.

मग त्यांनी ते सांगितलं, जे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. "आमच्याकडे पण एक साहेब घड्याळ घेऊन आला होता. शॉपमध्ये सगळ्यात तेज हात माझा, म्हणून मलाच उभं केलं. मी बावीस वर्षांचा. पाचर लावली आणि असा काही हात चालवला की साहेब बघतच राहिला. शायनिंग मारली. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांचं टारगेट तेच. ज्यांनी कधी पाचर लावली नव्हती त्यांना लावावी लागली. रामेश्वरनं लावली. दोन बोटं गेली त्याची."

"पण साहेबाला पाचर दिसली नव्हती?"

"दिसली. लिहिली नाही." मग म्हणाले, "कंपनीनं केलं म्हणतात. केलंच. पण त्या कागदावरचा हात माझा होता."

नंतर ते युनियनमध्ये गेले आणि त्यांनी पहिली मागणी पगाराची नाही केली. घड्याळ पुन्हा लावा, दोन्ही बटणांवर. आपलेच लोक हसले होते. गेटवर किती दिवस बसले तेव्हा कुठे ती मागणी मानली.

मला हे समजायला पाहिजे होतं. पण मला राग आला. मी बोलले, तुमचं ठीक होतं काका, तुम्ही परमनंट होता, युनियन होती, आम्हाला तर उद्या येऊ नको म्हटलं की झालं. ते म्हणाले, "बरोबर आहे." बस, एवढंच. वाद घातला असता तर मी थांबले असते. मी ताट सोडून उठले. गुरुवारी सकाळी ते अंघोळीला उठले आणि तिथंच...

रामेश्वरकाका आले होते त्या दिवशी. तीन बोटांच्या हातानं त्यांनी हार नीट केला आणि मला म्हणाले, "हर दिवाली मेरे घर आता था, बिटिया। मिठाई बाद में, माफी पहले। मैं बोलता था, भिया, अब तो बस कर।"

तेरावं झाल्यावर मी कामावर गेले आणि दोन दिवसांनी घड्याळ आलं. पाचर एप्रनच्या खिशात होती, हिरवी, बटणाचाच रंग लागलेली. मी दोन्ही हात दोन्ही बटणांवर ठेवले. पत्रा ठेवला, हात काढले, दोन्ही दाबली. परत ठेवला, काढले, दाबली. किती हळू वाटतं ते, मला तर पळून जावंसं वाटत होतं. सर म्हणाले, "क्या हुआ, तबीयत ठीक नहीं?" ठीक आहे, मी बोलले. मग ते वाकून हळूच बोलले, "अरे वो लगा ले ना।"

"क्या सर?"

"वही।"

"आप नाम लेकर बोल दो सर, और काग़ज़ पर लिख दो कि फच्चर लगाकर टाइम लिया। मैं लगा लूँगी।"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आणि जो टाइम आला तोच कागदावर लिहिला. शेजारच्या मशीनवर सीमाचा हात थांबला होता.

टारगेट वाढलेलं नाही, अजून तरी. परमनंटची यादी लागली, त्यात माझं नाव नाही. रूमवर पडल्या-पडल्या वाटतं की मी मूर्खपणा केला, आणि जेवणाच्या सुट्टीत सीमा आणि आणखी तिघी माझ्या बाजूला येऊन बसतात, टारगेट दोन्ही बटणांवरच ठरवा असा अर्ज कसा लिहायचा विचारतात, तेव्हा वाटतं की नानाकाकांना फोन करावा. दोनदा तर नंबर काढला पण...

मागच्या रविवारी काकूंकडे गेले. डबा फडताळात तिथंच होता, नानाकाकांच्या चष्म्याच्या बाजूला. मी खिशातून हिरवी पाचर काढून आत टाकली. काकूंनी आवाज ऐकून विचारलं, "आता ही कोणाची गं?"

"माझी."

त्यांनी डब्यात बघितलं, झाकण दाबून पाहिलं, लागत नव्हतं. "राहू दे उघडाच," बोलल्या, आणि मला ताटावर बसवलं.