कुलूपवाडीतलं कपाट

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. जोगेश्वरीला त्याच्या शेजारी राहणारे डिसोझा अंकल बोलत होते. "सुजाता, मिलिंदच्या छातीत दुखत होतं सकाळी. मी घेऊन गेलो हॉस्पिटलला, पण..." मुलुंडला घरी येऊन आईला सांगितलं, नातेवाइकांना कळवलं, दादाला आणायच्या तयारीला लागलो. संध्याकाळी मोबाइल हातात घेतला तेव्हा लक्षात आलं, की ज्यांना मी ओळखतही नव्हते अशा कितीतरी लोकांना बातमी केव्हाच कळली होती आणि ते रडत होते. सगळीकडे एकच चित्र फिरत होतं. राखाडी लोखंडी कपाट, डाव्या दाराला पोचा, मुठीला अडकवलेल्या दोन हिरव्या बांगड्या. खाली लिहिलेलं, 'आज एवढंच.' सख्खा भाऊ गेल्याच्या दिवशी मला आधी वाटली ती लाज. लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. कारण ते कपाट म्हणजे आमची आई होती.

आम्ही दिंडोशीच्या वसाहतीत वाढलो. अप्पा छापखान्यात कामाला होते. मी पाच-सहा वर्षांची असेन तेव्हापासून आईचं बोलणं मधूनमधून बंद व्हायला लागलं. भांडण नाही, रुसवा नाही. एखाद्या सकाळी ती उठायची आणि आतल्या खोलीत कपाटाशेजारी भिंतीकडे तोंड करून बसायची. मग कधी आठवडा, कधी दोन महिने... हाक मारली तरी मान वळायची नाही. आज त्याला नाव आहे, गोळ्या आहेत, आणि त्या गोळ्यांनी ती गेली कित्येक वर्षं ठणठणीत आहे. तेव्हा फक्त लोक होते. कोणी अंगारा आणून द्यायचं, कोणी बाहेरचं काही असेल म्हणायचं. अप्पा असल्या गोष्टींना दारातूनच परत पाठवायचे, पण खरं काय ते सांगायची हिंमत त्यांच्यातही नव्हती. त्यांनी आम्हाला एक वाक्य शिकवलं, 'आई गावाला गेलीय.' आई आत बसलेली असायची आणि आम्ही दारात उभं राहून आमच्या गावाकडे, जालन्याकडे बोट दाखवायचो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. भात तोच लावायचा, माझ्या वेण्या तोच घालायचा, वाकड्यातिकड्या. रात्री मला भीती वाटली की ताट पुढे सरकवून म्हणायचा, "घाबरायचं तर घाबर सुजे, पण आधी जेवून घे." आणि झोपण्याआधी तो आत जायचा, कपाटाला टेकून बसायचा आणि आईच्या पाठीकडे बघत दिवसभरात काय काय झालं ते सांगायचा. उत्तर यायचं नाही. सांगून झालं की उठायचा आणि म्हणायचा, "चल आई, आज एवढंच."

चित्रकला हेच त्याला जमायचं. अंधेरीला एका गाळ्यातल्या स्टुडिओत तो परदेशी कार्टून्ससाठी मागची झाडं, घरं, आकाश रंगवायचा. पुढे एका मराठी वाहिनीला रविवार सकाळचा रिकामा वेळ भरायला स्वस्तातलं काहीतरी हवं होतं, आणि ते काम कोणालाच नको होतं म्हणून दादाकडे आलं. त्यातून 'कुलूपवाडी' तयार झाली. बिब्बी नावाची गालावर काळा डाग असलेली मुलगी एका इमारतीत राहते. दिवेलागणीला तिथली मोठी माणसं वस्तू होतात. बाबांचं कॅलेंडर होतं आणि ते रात्रभर फडफडत राहतं. शेजारच्या मावशीची शिट्टी होते. आईचं कपाट होतं. सकाळी बाकीचे पुन्हा माणसं होतात, त्यांना काही आठवत नाही. आई मात्र कधी होते, कधी होत नाही. बिब्बी रात्रभर त्या इमारतीत एकटी सगळं निभावते, आणि शेवटी कपाटाला टेकून दिवसाची हकिगत सांगते. जादू नाही, परी नाही, सगळे हसतायत असा शेवट नाही. आज एवढंच, की काळा पडदा.

आई त्या काळात बरी होती, बोलती होती. दादाने अप्पांना सांगून घरचं केबलच काढून टाकलं. "पैसे जास्त घेतो तो," असं आईला सांगितलं. वाहिनीकडे तक्रारी यायला लागल्या. मुलं कपाट उघडायला घाबरतात, रात्री रडतात, असलं घाणेरडं कोण दाखवतं लहान मुलांना. काही महिन्यांत कार्यक्रम बंद झाला. मला वाटलं दादाला वाईट वाटेल. त्याला सुटल्यासारखं झालं होतं. त्या दिवशी वर्सोव्याला जेटीजवळ आम्ही उभे होतो, मढला जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती. पाण्याकडे बघत तो म्हणाला, "सुजे, मी आईला टीव्हीवर बसवली गं. घरातलं बाहेर जाऊ नये म्हणून आपण एवढं खोटं बोललो, आणि मीच तिला सगळ्यांच्या घरात नेऊन ठेवली." मी म्हटलं, "कोणाला कळलंय?" तो म्हणाला, "मला कळलंय ना."

पुढे अप्पा गेले, मी आणि आई मुलुंडला राहायला आलो. दादा जाहिरातींकडे वळला. टूथपेस्टच्या जाहिरातीतले दातांत खणणारे हिरवे किडे त्याचे, आणि ते तो कौतुकाने सांगायचा. कुलूपवाडीचं नाव काढायचा नाही. पण कोणीतरी तेव्हा टीव्हीवरून रेकॉर्ड करून ठेवलेले भाग वर्षांनी इंटरनेटवर टाकले आणि ती रविवारची मुलं, आता तिशीला आलेली, कुठून कुठून गोळा झाली. बिब्बीची चित्रं, टी-शर्ट, दंडावर गोंदवलेलं कपाट. दादाने खोट्या नावाने त्यांना लिहिलं, हे काढून टाका, भिकार कार्टून आहे. त्यावर त्या लोकांनीच त्याला फाडून खाल्लं. एकदा घाटकोपरला आम्ही डोसा खात होतो, तर गल्ल्यावरचा माणूस उठून आला. "सर, तुम्ही मिलिंद सर ना? कुलूपवाडीवाले? यार, काय झकास बनवलेलं तुम्ही..." दादाने नाही अशी मान हलवली. "तो माझा चुलतभाऊ. गावाला असतो." बोलून झाल्यावर आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. डोसाही अर्धाच राहिला.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम दिंडोशीच्याच समाजमंदिरात ठेवला होता. बुद्धवंदना सुरू झाली आणि मागे पंधरा-वीस अनोळखी पोरंपोरी येऊन चुपचाप बसली. पांढरे कपडे घालायचे एवढं त्यांनी कोणाला तरी विचारून घेतलं असावं. एकाच्या पांढऱ्या टी-शर्टवर मात्र छातीवर ते कपाट होतं, बांगड्यांसकट. आई माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. तिने चष्मा सारखा केला आणि बराच वेळ त्या मुलाकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी आली, "सुजाता, हे आपलं कपाट ना गं?" मी म्हटलं, "नाही गं आई. असली कपाटं सगळ्यांकडे असतात." बुद्धमूर्तीसमोर, दादाच्या फोटोसमोर, या वयात, मी पुन्हा तेच केलं.

त्या मुलांतली एक, तन्वी, काही दिवसांनी मुलुंडला घरी आली. घाटकोपरला राहते, दातांची डॉक्टर आहे. त्यांना अंधेरीत एक छोटा हॉल घेऊन कुलूपवाडीचे सगळे भाग दाखवायचे होते आणि घरच्यांची परवानगी हवी होती. मी तिला बाहेरच्या खोलीत बसवलं, आतलं दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात नाही म्हणायला सुरुवात केली. "त्याला स्वतःला ते आवडायचं नाही. आणि खरं सांगू, तुम्हाला एवढं काय दिसलं त्यात तेच मला कळत नाही. लहान मुलांना भीती घालायची..."

"ताई, भीती आधीच असते," ती म्हणाली. "माझे बाबा कामावरून आले की कोणाशी बोलायचे नाहीत. आठ-आठ दिवस. सगळे सांगायचे, काही नाही, बाबा दमलेत. बाकीच्या कार्टूनमध्ये शेवटी सगळं घर हसायचं. आमच्याकडे कोणी हसायचं नाही, म्हणून मला वाटायचं आमचंच घर बिघडलंय, कदाचित माझ्यामुळे. मग रविवारी बिब्बी यायची. ती मला 'काही नाही' असं म्हणायची नाही. ती म्हणायची, घाबरायचं तर घाबर, पण आधी जेवून घे. ताई, मी खरंच उठून जेवायचे." ती हसली आणि तिचे डोळे भरले. "आम्ही सगळे तसलेच आहोत. प्रत्येकाच्या घरी एखादं कपाट होतंच. आम्हाला एकमेकांचं माहीत नव्हतं, एवढंच."

मी काही बोलणार तेवढ्यात आतलं दार उघडलं. आई उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. "मला दाखव," ती तन्वीला म्हणाली. मी मध्ये पडले, "आई, नंतर बघू ना..." "तू थांब गं." तन्वीने टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला.

तो भाग मी विसरले होते. बिब्बीला शाळेत मारलेलं असतं, हातावर वळ असतात. इमारतभर शिट्टी वाजत असते, कॅलेंडर फडफडत असतं. शेवटी ती कपाटाला टेकून हात वर करून दाखवते. मला आईकडे बघवेना. जमिनीत गाडून घ्यावं असं वाटत होतं... दादाच्या वतीने, अप्पांच्या वतीने, माझ्या स्वतःच्या. काळा पडदा आला. आईने काचेवरून बोट फिरवलं, जिथे मघाशी बांगड्या होत्या तिथे.

"उजव्या हाताला मारलं होतं त्याला," ती म्हणाली. "चित्रात डावा काढलाय."

मी म्हटलं, "आई?"

"ऐकू यायचं गं मला. सगळं ऐकू यायचं. तो रोज येऊन बसायचा, सांगायचा, मी वाट बघायची त्याची. तोंडच उघडायचं नाही. आतून ढकलायची मी, पण नाही उघडायचं." मग तन्वीकडे वळून म्हणाली, "तुझे बाबा आहेत ना अजून?" तन्वीने होकाराची मान हलवली. "मग विचार त्यांना. चिडतील. विचार तरी."

दादाला हे कधीच कळलं नाही. आईला अपमान वाटेल म्हणून तो आयुष्यभर लपत राहिला, आणि ती त्या दिवसांबद्दलच्या त्याच्या एका शब्दाची वाट बघत मुलुंडला बसून राहिली. आईने कार्यक्रमाला होकार दिला. अंधेरीच्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून तिने सगळे भाग बघितले. पोरं तिच्या पाया पडायला यायला लागली तेव्हा तिने पाय आत ओढून घेतले आणि त्यांना आपापल्या जागी बसायला सांगितलं. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. टाळ्या वाजल्या तेव्हाही मला वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. लाज अशी एका संध्याकाळीत जात नाही.

गेल्या आठवड्यात दादाची जोगेश्वरीची खोली आवरायला गेले. रंगाच्या बाटल्या, ब्रश, दोन पातेली, फार काही नव्हतंच. डिसोझा अंकल चहा घेऊन आले आणि टेबलावरच्या छोट्या रेडिओकडे बघून म्हणाले, "हा मीच बंद केला त्या दिवशी. नाहीतर चोवीस तास चालू. बाहेर जाताना तर मुद्दाम लावून जायचा. मी एकदा ओरडलो, कशाला बॅटरी फुकट घालवतो रे? तर बोलला, घर गप्प असलं ना अंकल, की मला आत यायला भीती वाटते."

त्याच्या खोलीवर मी वर्षानुवर्षं जायचे. रेडिओ असायचा, मी आल्यावर तो आवाज कमी करायचा. का लावतोस, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. बाकी सामान तिथेच वाटून टाकलं आणि रेडिओ पिशवीत घालून मुलुंडला आणला. आता तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर असतो. सकाळी निवेदिका पावसाचा अंदाज सांगायला लागली की आई भाजी चिरता चिरता तिला मोठ्याने उत्तरं देते, वाद घालते, खोटं बोलतेस म्हणते. शेजारच्यांना ऐकू जात असेल. मी दार लावून घेत नाही.