विल्फ टॅन्सलीने लिहिलेली ओळ

रॉयस्टन गाव खडूच्या टेकड्यांत वसलेले. पाणी इतके जड, की महिन्याभरात किटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो. म्हणून घरोघरी पाणी मऊ करणारा मिठाचा सॉफ्टनर असतो. जड पाणी उरते ते प्यायच्या नळाला आणि बागेच्या नळाला.

विल्फ टॅन्सलीने या गावात अडतीस वर्षे घर उबदार ठेवणारे बॉयलर बसवले. गिऱ्हाइकांना तो एकच गोष्ट बजावी : "सॉफ्टनरच्या पाण्याने खुशाल आंघोळ करा. पण ॲल्युमिनियमच्या बॉयलरच्या पोटात ते कोंडू नका. तापून तापून ते धातूच खातं." रेडिएटरचे पाइप तो नेहमी जड पाण्याने भरी, त्यात गंज रोखणारे औषध घाली आणि बॉयलरच्या वहीत तशी नोंद करी. येत्या जूनमध्ये तो निवृत्त होणार होता.

मार्चच्या एका मंगळवारी एनिड क्युबिटचा बॉयलर गळून बंद पडला. बॉयलरला तीनच वर्षे झालेली. बॉयलर कंपनीचा तपासनीस कर्सलेक आला; बॉयलर विल्फनेच बसवलेला, म्हणून तोही हजर होता. त्याने पाइपातले पाणी बाटलीत घेतले, थेंब टाकून रंग पाहिला.

"पाणी सॉफ्टनरचं आहे. आतल्या ॲल्युमिनियमची पार चाळण झालीय," तो म्हणाला. मग वही उघडून त्याने वाचले, "'जड पाणी भरले. औषध घातले. वि. टॅन्सली.' नोंद चोख आहे. टॅन्सलीसाहेब, तुमच्या वह्या आम्ही नव्या पोरांना दाखवतो. घरात बॉयलरला हात कोण लावायचं?"

"माझा नवरा," एनिड म्हणाली. "दाब उतरला की चावी फिरवून पाणी घ्यायचा. मी ओरडले की म्हणायचा, 'बाई, इंजिनखोलीत कप्तानाशी वाद घालू नये!'" ती हसायला गेली, पण हसू आले नाही. बर्नार्डला जाऊन पाच महिने झाले होते.

"मग सॉफ्टनरचं पाणी तिथूनच गेलं असणार. शुक्रवारी अहवाल घेऊन येतो. वॉरंटी मिळणं कठीण आहे."

विल्फ खाली मान घालून हत्यारे आवरत राहिला.

बर्नार्डच्या पेलाभर पाण्याने असे होत नसते, हे त्याला ठाऊक होते. खरे कारणही ठाऊक होते. तो बॉयलर बसवला त्या जानेवारीत त्याची बायको नोरा हॉस्पिटलात होती. गोठू नये म्हणून बागेचा नळ हिवाळ्यापुरता बंद केलेला, आणि स्वयंपाकघरातल्या प्यायच्या बारीक नळाला नळी बसेना. विल्फला भेटीची वेळ गाठायची होती. त्याने सॉफ्टनरच्या पाण्याने पाइप भरले. एप्रिलमध्ये येऊन बदलू, असे ठरवले, आणि जे एप्रिलमध्ये करायचे होते ते वहीत त्याच दिवशी लिहून टाकले. मार्चमध्ये नोरा गेली. एप्रिल कसा गेला, त्याला कळलेही नाही. पुढल्या वर्षी आठवण झाली होती. पण चालत्या यंत्राला कशाला हात लावा, अशी त्याने मनाची समजूत घातली.

शुक्रवारी तो गेला तेव्हा एनिड घरातही ओव्हरकोट घालून बसली होती. कर्सलेकने अहवाल टेबलावर ठेवला. त्यात लिहिले होते : घरमालकाने चुकीचे पाणी घातल्यामुळे बिघाड.

"शेवटच्या आठवड्यात बर्नार्ड मला रोज विचारायचा, 'घर उबदार आहे ना गं?'" एनिड म्हणाली. "आणि त्यानेच बॉयलर घालवला म्हणायचं."

"सही इथे करा, बाई," कर्सलेक म्हणाला.

"करू नकोस," विल्फ म्हणाला. "वहीतली ती ओळ खोटी आहे. सॉफ्टनरचं पाणी मीच भरलं."

कर्सलेकने चष्मा काढला. "टॅन्सलीसाहेब, बाईंची कीव येऊन बोलत असाल तर..."

"कीव नाही. बागेचा नळ बंद होता आणि मला घाई होती. बर्नार्डचा काही दोष नाही." त्याने वही ओढून घेतली, ती ओळ खोडली, खरे काय ते लिहिले आणि त्याखाली आजची तारीख घालून सही केली. "नवा बॉयलर मी माझ्या खर्चाने बसवतो, एनिड."

कर्सलेकने अहवाल परत घेतला. वही मात्र त्याने बराच वेळ हातात धरून ठेवली, मग ती टेबलावर ठेवून तो निघून गेला.

"मंगळवारी तू इथेच उभा होतास," एनिड म्हणाली.

"होतो."

"बुधवारी मी बर्नार्डच्या कबरीवर गेले होते, विल्फ. नाही नाही ते बोलले त्याला. मेलेल्या माणसाला."

ती उठली आणि कोटाची बटणे लावू लागली.

"बॉयलरचं सोमवारी बघ. आत्ता मला तिकडे घेऊन चल."

"मी गाडीत थांबेन."

"गाडीत कशाला? त्याला खरं काय ते तूच सांगायचं. मी नाही सांगणार."

चर्चमागे वारा बोचत होता. बर्नार्डच्या कबरीवर दगड अजून बसवला नव्हता. नुसती लाकडी पाटी होती. एनिड दोन पावले मागे थांबली. विल्फने टोपी काढली, घसा साफ केला आणि जानेवारीतल्या त्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.