काकींनी ठोकलेली खुंटी

आधी काकींचं सांगतो, मग बाकीचं. रत्नागिरीला खाडीकाठी आम्ही जे घर उभं केलं, त्या घरच्या ह्या घरधनीणबाई. माझ्या नात्यागोत्यातल्या नव्हेत. चारचौघांत आपलं नाव घेतलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून मीही घेत नाही. पण माझी आई मला पुन्हा दिसली ती त्यांच्यामुळे, आणि त्यापायी त्यांचं स्वतःचं जे मोडलं ते अजून जुळलेलं नाही. मी आज कराचीच्या गोदीत सुतारकाम करतो. हत्यारं पुसून ठेवताना ते सगळं आठवतं आणि जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हटलं, लिहून काढावं. मराठी चौथीत शाळा सुटली, तेव्हा वाक्य कुठे वाकडं गेलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मी मंडणगडच्या बाजूचा, डोंगरातला. वडील गेले, पुस्तक मिटलं आणि हातात पटाशी आली. घरी आई एकटी. मिस्त्रींच्या टोळीबरोबर फिरत फिरत रत्नागिरीला पोचलो तोवर मी चांगला वीस-बावीसचा गडी झालो होतो, पण मन काही मोठं झालं नव्हतं. बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला की हातातलं काम थांबायचं. कोणीतरी उतरेल आणि आईचं काहीतरी वाईट सांगेल, असं उगाच वाटायचं. मिस्त्री म्हणायचे, "मेल्या, तुझा जीव म्हणजे खुंटी न मारलेला सांधा. जरा कोण चाललं की करकरतो."

काकींच्या घराचं जोतं जांभ्याचं, पण वरचं सगळं ओझं लाकडावर. ऐनाचे खांब, सागाच्या तुळया, आणि खिळा औषधालाही नाही. खाऱ्या वाऱ्यात खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही खाऊन टाकतो. म्हणून खांबाच्या डोक्यावर तासून कुसू, म्हणजे लाकडाची जीभ, काढायचं, तुळईला तेवढीच खाच पाडायची, कुसू खाचेत बसलं की आरपार खैराची खुंटी. तिच्यासाठी कुसवातलं भोक तुळईतल्या भोकापेक्षा केसभर खाली पाडायचं. मग खुंटी आत शिरते तशी तुळई खाली ओढली जाते आणि सांधा आपला आपण आवळतो. खांब उभा करायचा तोही झाड जसं उभं होतं तसाच, बुंधा खाली आणि शेंडा वर.

आमच्या मिस्त्रींच्या टोळीत आणखी एक रीत होती. मुहूर्ताचा पहिला खांब उभा राहिला, त्यावर तुळई चढली, की त्याची खुंटी अर्धीच ठोकून ठेवायची. पुढे घराचं आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं लाकूड, चढलं की ज्याने त्या खांबाचं कुसू काढलं त्यानेच ती पुरती ठोकायची. तोवर त्याने गावाची शीव ओलांडायची नाही. ओलांडली तर त्या घरात माणूस टिकत नाही. मिस्त्रींनी तरुणपणी असं एक घर पाहिलं होतं. त्याबद्दल ते फार बोलत नसत, पण रीत मोडू देत नसत.

काकींच्या घराचा पहिला खांब मिस्त्रींनी माझ्याकडे दिला. मला केवढा अभिमान! खांब उभा राहिला, खुंटी अर्धी आत गेली, आणि थोड्याच दिवसांत आमच्या वाडीतला एक शेजारी कोर्टाच्या तारखेला रत्नागिरीला आला तो मला शोधत खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. आधी घरं किती झाली, आंबा कसा आहे, असलं विचारत बसला. मग आईचं बोलला, "तुजी आवस पडून हाय रे. मुदतीचा ताप. डोळं उघडते तवा दरवाज्याकडं बघते."

भटजींनी आढ्याचा मुहूर्त पुढच्या पंधरवड्यातला दिला होता. मी मिस्त्रींना विचारलं, "दादा, जाऊ?"

त्यांनी हातातला रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "थांब म्हणायला माझी जीभ वळत नाय, आणि जा म्हणायला पण वळत नाय. घर माझं नाय बाबा."

घर काकींचं. त्यांचे यजमान खलाशी, मोठ्या बोटीवर. मुंबईहून निघाले की महिनोन्‌महिने पत्ता नसायचा. अशा बाईला, 'तुमच्या घरात माणूस टिकणार नाही, पण मला जाऊ द्या', हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मला जमलं नाही. मी नुसता येरझारा घालू लागलो. करवत रेघ सोडून जायची. पाणी प्यायला उठायचो आणि न पिताच परत यायचो. खांबाकडे बघितलं की वाटायचं, ह्याने मला दावणीला बांधलंय. आगबोटीचा भोंगा व्हायचा, बोट निघून जायची आणि मी तिथेच.

दुपारी काकी आम्हां सगळ्यांना पेज वाढत. माझी पेज दोन दिवस तशीच राहिलेली त्यांनी पाहिली.

"काय रे, माझ्या पेजेत खडे हायत काय?"

मिस्त्रींचा धाकटा भाऊ मोठा वाचाळ. तो म्हणाला, "काकी, त्याचं लगीन ठरलंय. त्या धास्तीनं अन्न जात नाय."

"गप रे तू. तोंड बघ त्याचं, लगीन ठरल्यासारखं हाय?"

मग मिस्त्रींनीच सांगितलं. काकी वाढता वाढता थांबल्या.

"मग हा हितं कशाला बसलाय?"

"वयनी, पहिला खांब त्याचा हाय."

"आणि आवस कोणाची? तीबी त्याचीच ना?"

"रीत हाय, वयनी. घरात माणूस टिकत नाय म्हणतात."

"टिकतंय कोण हितं? आमचा माणूस गणपतीला चार दिवस येतो, तोबी समुद्राकडं तोंड करून बसतो." सगळे हसले. काकीही हसल्या, पण त्यांचा हात गळ्यातल्या डोरल्याकडे गेला तो मी पाहिला.

त्यांनी खांबाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खुंटीवाल्यानं शीव ओलांडायची नाय, एवढंच ना? मग खुंटी माझ्या नावावर करा. मी कुठं जातेय?"

"बाईमाणसानं खुंटी ठोकलेली मी बघितली नाय, वयनी."

"मंग आता बघा."

मिस्त्री डोकं खाजवत राहिले. शेवटी त्यांनी ठरवलं की मी माझी मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, आपल्या हाताने काकींना द्यायची आणि काकींनी खुंटीवर एक ठोका मारायचा. तेवढ्याने खुंटी त्यांची होते. काकींनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, शिडी चढल्या आणि मोगरी उगारली. पहिला ठोका बोटावर.

"काकी, खुंटी तिकडं हाय, अंगठा हिकडं!" मिस्त्रींचा भाऊ खालून ओरडला.

"तुझं डोकं आणतोस काय वर? तेच ठोकते."

दुसरा ठोका बरोबर बसला. खुंटी किंचित आत सरकली आणि सांधा कुरकुरला. काकी खाली आल्या, अंगठा तोंडात घातला आणि मला म्हणाल्या, "उभा काय राहिलास? पळ."

मी पळालो. बाणकोटपर्यंत आगबोट, तिथून होडीने खाडीत वर, पुढे पायी. वाटेत एकाच गोष्टीने जीव खात होता, की मी पोचायच्या आत तिकडे काही झालं असेल तर काकींनी उगाच हे अंगावर घेतलं. आणि दुसरं मन म्हणे, काकींच्या माणसाला काही झालं तर? दोन्हीकडून भाजत होतो. घराच्या पायरीशी आलो तर आत दिवा होता. शेजारीण आईला पाणी पाजत होती. आईने माझ्याकडे बघितलं, बघितलं, आणि बारीक आवाजात म्हणाली, "काम टाकून आलास? कोण मेलं म्हणून?"

मी दारातच बसलो आणि रडलो.

ताप पुढे उतरला. शेजारीण म्हणायची, तू आलास तिथून तिने पेज गिळायला सुरुवात केली. खरं-खोटं देव जाणे. आई उठून चुलीपाशी बसायला लागली तसा मी रत्नागिरीला परतलो. वैशाख सरत आला होता. आढं चढलं होतं, वासे बसले होते, कौलं चढवायचं काम चाललं होतं. पहिल्या खांबाची खुंटी पुरती आत होती. काकींनी मुहूर्ताला पुन्हा शिडी चढून ठोकली म्हणे, आणि ह्या वेळी अंगठा सांभाळून.

हे सगळं मिस्त्रींचा भाऊ नेहमीसारखा थट्टेने सांगत होता. मग म्हणाला, "तुला ठावं नसंल. काकींच्या भाचीचं लगीन होतं."

हातखंब्याला, म्हणजे गावाच्या शिवेपलीकडे, काकींचा एकुलता भाऊ. त्याच्या मुलीचं लग्न मी गेल्यावर त्याच आठवड्यात होतं. काकी तिची सख्खी आत्या, मुलीला अंगाखांद्यावर खेळवलेली. पातळ घेऊन ठेवलेलं, लाडू वळायला आधी जायचं कबूल केलेलं. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला तेव्हा काकी म्हणाल्या, "मी येत नाय." का, ते सांगितलं नाही. सुताराच्या रीतीसाठी बहीण लग्न टाकते, हे त्याला पटलंही नसतं. तो पाणीसुद्धा न पिता गाडी वळवून गेला.

म्हणजे 'मी कुठं जातेय' म्हणाल्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी तसाच त्यांच्याकडे गेलो. त्या खळं सारवत होत्या. म्हटलं, "काकी, मी हातखंब्याला जातो. तुमच्या भावाला सांगतो सगळं."

"काय एक नको. तुझ्या आवशीच्या आजाराचं निमित्त सांगून मी माझा मान मागून घेऊ? माझ्या गळ्याची आण हाय तुला." मग हात धुऊन म्हणाल्या, "आवस जेवते ना नीट?"

 पावसाच्या आत टोळी दुसऱ्या कामाला गेली, आणि पुढे पोटामागे मी इतका लांब येऊन पडलो. इथे गोदीत रत्नागिरीची माणसं पुष्कळ येतात. प्रत्येकाला मी आधी काकींच्या यजमानांचं विचारतो. आजवर ते सुखरूप आहेत. दर्यात वादळ झाल्याचं कानावर आलं की मला जेवण गोड लागत नाही, पुढची खबर येईपर्यंत. मग मी हातखंब्याचं विचारतो. भाऊ अजून येत नाही. भाचीला मुलगा झाला, काकींनी बाळलेणं पाठवलं, ते परत आलं.

काकी, तुम्ही घातलेली आण मी इतकी वर्षं पाळली. आता पुढे पाळणार नाही. मी परत येईन तेव्हा आगबोटीतून उतरून घरी न जाता आधी हातखंब्याला जाईन. तुमच्या भावाच्या ओटीवर बसेन, त्याने हाकललं तरी उठणार नाही. माझी आई कशी वाचली ते त्याला सांगेन आणि त्याला घेऊन तुमच्या दारात येईन. तुम्ही रागावाल. रागवा. पण एवढं मी करणार आहे.