अनुदानाची पाहणी आणि आमचं बाथरूम

आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे हे सांगत होतो तेव्हा एका मित्राला ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. आता काय आहे, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी तो धोंडा आधी धुऊनपुसून घेतला, त्याला हार घातला, आणि मग मारला!

एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसमधून क्लार्क म्हणून रिटायर झालो आणि आमच्या कॉलनीतल्या अभ्यासिकेचा सेक्रेटरी झालो. अभ्यासिका म्हणजे विहारामागची पत्र्याची लांब खोली. पोलीस भरती, तलाठी, बँक, कुठकुठल्या परीक्षांची मुलंमुली तिथं दिवसभर बसतात. सगळं ठीक, पण संडास नाही. मुलगे कुठंतरी भागवून घेतात हो, मुलींनी काय करायचं? शीतल म्हणून आमची एक हुशार मुलगी आहे. ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. ऐन उन्हाळ्यात चक्कर येऊन पडली तेव्हा हे मला कळलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

मग ठरवलं, एका ट्रस्टकडे अनुदान मागायचं. ते मागण्याआधी संस्थेला किती नटवावं लागतं, विचारू नका. नोंदणी, ऑडिट, ठराव, सगळं शीतलनं कॉम्प्युटरवर जुळवलं. मी सह्या केल्या आणि दमलो. मागणी एकच, मुलींसाठी स्वच्छतागृह. थोड्या दिवसांनी फोन आला, आमच्या मॅडम पाहणीला येतील.

आता पाहणी म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं? घरात मुलगी दाखवायचा कार्यक्रम असल्यासारखा माणूस कामाला लागतो. मीही लागलो. मंडपवाल्याकडून पांढरं कापड आणून पत्र्याखाली ताणलं. शेजारच्या पगारेभाऊंचा कूलर आणला. भाच्याच्या क्लासमधले कॉम्प्युटर आणून मांडले. कुणाचा गालिचा, कुणाच्या कुंड्या. खोली अशी दिसायला लागली की मलाच तिथं चपला घालून जायची लाज वाटू लागली!

शीतल हळूच म्हणाली, "काका, आपण मागणार आहोत ना? मग एवढं कशाला?"

"पाहुण्यांपुढं आपलं उणं दाखवायचं नसतं गं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण काका, आपल्याला मूठ उघडूनच दाखवायचीये."

मी तिला कुंड्यांना पाणी घालायला पाठवलं.

मॅडम आल्या. साध्या, बोलायला गोड. पहाटे मुंबईहून निघालेल्या. आम्ही फुलं दिली, चिवडा दिला, नको नको म्हणताना चहा दोनदा पाजला. मग त्यांनी विचारलं, संस्थेला अडचणी काय काय आहेत? आणि माझी जीभ काय म्हणाली माहितीये? "छे छे, कसली अडचण? तुमच्या कृपेनं सगळं व्यवस्थित चाललंय."

शीतल जोरात खोकली. मी तिला पाणी पी म्हणालो. म्हणजे कुणाला काय सांगत होतो मी!

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण दोन चहांचा परिणाम व्हायचा तो झाला. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं, वॉशरूम कुठंय?

बघा हं. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते हेच. "मॅडम, तेच तर नाहीये," एवढं म्हणायचं होतं. कुठल्याही शहाण्या माणसानं म्हटलं असतं. पण घरी आलेल्या बाईमाणसाला असं तोंडावर नाही म्हणायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि विहाराच्या भिंतीला लागून आमचं घर. फंडाच्या पैशातून मागच्या अंगाला नुकतंच नवं बाथरूम बांधलेलं, चकचकीत टाइल्स, गिझर, आरसा. मी म्हणालो, "या ना, मागच्या बाजूला आहे." कुणाचं आहे, ते काही बोललो नाही.

मॅडम परत आल्या त्या खूश होऊन. "किती स्वच्छ ठेवलंय! मुली वापरतात ना?"

"हो हो. रोज."

शीतलनं हातातल्या पेनाला टोपण लावलं आणि ती आत जाऊन बसली.

पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन. तोंडभरून कौतुक केलं. इतकी टापटीप अभ्यासिका कुठं पाहिली नाही, आणि स्वच्छतागृह तर उत्तमच आहे, तेव्हा हे अनुदान दुसऱ्या गरजू संस्थेला देतोय. मी थँक्यू म्हणालो. थँक्यू! फोन ठेवल्यावर शीतलकडं बघायची हिंमत होईना.

घरी येऊन बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. शेवटच्या काडीपर्यंत जुडी निवडून संपवली. सकाळी उठून तिनं मागच्या दाराची कडी काढली आणि अभ्यासिकेत जाऊन मुलींना घेऊनच आली.

म्हणाली, "अहो, मॅडमना सांगितलंत ना, मुली रोज वापरतात म्हणून? मग ते खोटं का पाडायचं?"

तेव्हापासून मुली येतात. शीतल आता पाण्याची भली मोठी बाटली घेऊन बसते, ते बघून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण परीक्षा जवळ आल्या की आमच्या मागच्या दाराला रांग लागते. परवा सकाळी मी टॉवेल खांद्यावर टाकून कडेला उभा. खाकरून दार वाजवलं, तर आतून एका नव्या मुलीचा आवाज आला, "काका, हे लेडीज आहे."

घाईची वेळ. काय करणार? तसाच पगारेभाऊंच्या दारात गेलो. भाऊ पेपर वाचत बसलेले. माझ्या टॉवेलकडं बघून म्हणाले, "काय सेक्रेटरी, काही अडचण आहे का?"

आणि मेली जीभ, सवयीनं म्हणाली, "छे छे, कसली अडचण?"

तसाच परत आलो.