टेंभेकर वकिलांचा भरलेला बाक

धरमपेठेतले टेंभेकर वकील नव्या वकिलांना धंदा वाढवायचा मंत्र फुकट देत. बहात्तर साली मी त्यांचा ज्युनिअर होतो, म्हणून मला तो रोज ऐकावा लागे. "पक्षकाराले सकाळीच बोलावून बसवून ठेवायचं. बाक भरलेला दिसला की रस्त्यानं जाणारा आपोआप आत येते गा!" काम कोणाचंच होत नसे.

खाप्याच्या जयवंताबाईंचा शेताच्या वाटणीचा दावा आमच्याकडे होता. सुनावणीच्या दिवशी त्या पहिल्याच बसने आल्या. "बसा बाई, मी येतो, मग संगंच कोर्टात जाऊ," म्हणत वकीलसाहेब एका गिरणीमालकाच्या मोटारीतून निघून गेले, ते संध्याकाळपर्यंत परतलेच नाहीत. तिकडे कोर्टात बाईंच्या नावाचा पुकारा झाला. ना बाई हजर, ना वकील. दावा खारीज.

संध्याकाळी साहेब आले तेव्हा बाई बाकावरच होत्या, भाकरीचं फडकंही न सोडता.

"माहा नंबर कवा लागते जी?"

"दावा खारीज झाला बाई. काळजी नको, नवा अर्ज देऊ. उद्या सकाळीच येऊन बसा."

आणि माझ्याकडे वळून हा निर्लज्ज माणूस हळूच म्हणाला, "पाहिलं? उद्याचाही बाक भरला."