भैरोबाचं निशाण

सहावीत गणितात नापास झाले आणि मी भैरोबाशी कट्टी घेतली. त्याच्यासाठी पाच रविवार उपास केले होते (मधल्या वेळचे चोरलेले चुरमुरे सोडले तर कडक), आणि त्यानं मला अकरा गुण दिले. अभ्यास एकही दिवस केला नव्हता, पण ते देवानं मनावर घ्यायचं नसतं, अशी माझी समजूत. "तुझ्या पाया पडायची नाही आता," असं देवळात जाऊन त्याला तोंडावर सांगून आले.

पिंपरीत आमची चाळ कंपन्यांच्या मधोमध होती. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. कट्टीच्या चौथ्या दिवशी दुपारी मात्र आधी धडाका झाला आणि मग भोंगा थांबेचना. आई दळणाला गेलेली, वडील पलीकडच्या कंपनीत पाळीला. घरात मी आणि दोन वर्षांची धाकटी बहीण, बेबी. चाळीमागच्या रसायनांच्या कंपनीवर पिवळट धूर उठला होता. लोक "गॅस सुटला, गॅस सुटला" ओरडत पळत होते, डोळे झोंबत होते. अशा वेळी मी काय करावं? मी ठरवलं, हे माझ्या कट्टीमुळेच झालंय. एका पोरीच्या रुसव्यापायी देवानं अख्खी कंपनी उडवली! केवढा तो भाव स्वतःला! बेबीला काखोटीला मारून मी बट्टी करायला थेट देवळाकडे, नदीच्या उताराला सुटले.

वाटेत नळावरून भरलेली घागर घेऊन येणारी एक अनोळखी बाई आडवी आली. हिरवं लुगडं, मिश्रीनं काळे झालेले दात.

"कुठं निघालीस, भवाने?"

"देवाच्या पाया पडायला."

"पोर खोकतीय बघ. आन् देव काय सांगतोय त्ये तर बघ आधी! वर बघ, निशाण!"

कळसावरचं भगवं निशाण कंपनीकडे पाठ करून नदीकडे ताठ फडफडत होतं. वारा, आणि त्याच्यामागून तो धूर, नेमका देवळावरून चालला होता.

"धुराच्या वाटंला जायचं न्हाई. आडवं माळावर चल."

"पण मला बट्टी..." माझ्या पाठीत धपाटा बसला. तिनं घागर आम्हा दोघींवर ओतली, पदर फाडून ओला बोळा बेबीच्या नाकाशी धरला आणि मला ओढत माळावर नेलं. बेबीचे ओठ काळेनिळे पडले होते. ती खोकली, गप्प झाली. मी देवाचं नावही विसरले. मग बेबीनं जे भोकाड पसरलं, तितकं गोड मी पुन्हा काही ऐकलं नाही. "आजून कोन हाय का बघते," म्हणत ती बाई उतारावरून परत खाली गेली. नंतर किती शोधलं, दिसली नाही.

देवळाच्या अंगणात गुरवाच्या शेळ्या मरून पडल्या होत्या. शेजारचे दत्तूकाका त्या कंपनीत पाळीला होते; ते घरी आलेच नाहीत.

साक्षात देवी आली होती, असं मी बरीच वर्षं सांगत सुटले होते. आई म्हणायची, "देवी मिश्री लावते का गं?" आता वाटतं, लावतही असेल. पण दत्तूकाकांची बायकोही त्याच देवाला रोज पाणी घालायची. काकांना कुणी आडवं का आलं नाही, हे मी देवाला अजून विचारतेय. म्हणून मी याला चमत्कार म्हणत नाही, फक्त हात जोडते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून पायाशी लोळण घेणं, असं मला वाटायचं. माझ्याकडून त्यानं डोळे उघडून घेतले, आणि वर धपाटा घालून न्यायचं तिकडे नेलं.

देऊळ आता इमारतींमागे दडलंय. यात्रेला चढणाऱ्या नव्या निशाणाचं कापड मीच देते. बेबी पिंपळे गुरवला असते, तीन नातवंडांची आजी. रोज तासभर फोनवर बोलते, मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. मी सगळं ऐकते. फोन ठेवला की देवळाच्या दिशेला तोंड करून म्हणते, "ऐकलंस ना रे? छाती अजून शाबूत आहे तिची."