एका घरात दोन गंगा

माझ्या आईचं लग्नाआधीचं नाव गंगा. हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं, तेही कागदावरून. वडील गेल्यानंतर काही कागद लागत होते म्हणून मी तिची पत्र्याची ट्रंक उपसत बसले होते. तळाशी एक शाळा सोडल्याचा दाखला निघाला. इयत्ता चौथी, वर्तणूक चांगली, आणि नावाच्या जागी गंगा. पुढे माझ्या आजोबांचं नाव.

"ही कोण?" मी विचारलं.

आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मीच की," म्हणाली.

माझ्या सगळ्या कागदांवर आईच्या रकान्यात दुसरंच नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण या गोष्टीत त्याचं काही काम नाही. ते नाव माझ्या वडिलांनी निवडलं. निवडावंच लागलं, कारण माझ्या आजीचं, म्हणजे आईच्या सासूचं नावही गंगा होतं. सासू आणि सून एकाच नावाच्या असल्या तर सुनेला हाक मारताना सासूचा अपमान होतो, असा आमच्याकडचा हिशेब. आजीने लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं, "एका घरात दोन गंगा चालायच्या नाहीत." कुठली जायची, यावर चर्चा झाली नाही.

लग्नात ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी अंगठीने त्यात नवं नाव काढलं आणि ताट आईच्या पुढे केलं. "मी वाचलं," आई म्हणाली, "आणि मला वाटलं, दुसऱ्या कुणाचंतरी ताट चुकून इकडे आलं."

"मग त्या तांदळाचं काय केलं?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी पेज केली."

मी भाईंदरच्या एका शाळेत कचेरीत काम करते. प्रवेशाच्या दिवसांत दिवसभर नावंच लिहिते, त्यामुळे नावांकडे भावनेने बघायची सवय मला उरलेली नाही. त्या दाखल्यानंतर मात्र मी गंगा शोधायला लागले. सापडायला कठीण नव्हती. गावच्या जमिनीच्या जुन्या उताऱ्यावर ‘गंगाबाई कोम’ आणि पुढे नवऱ्याचं नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. त्या काळी बाईचं नाव कागदावर यायचं तर असंच, कुणाच्यातरी शेपटाला बांधून. गावातल्या देवळाच्या पायरीवरही एक गंगाबाई कोरलेली आहे. तिने पायरी बांधून दिली, आणि लोक तिच्यावर पाय ठेवून दर्शनाला जातात. आजी सांगायची, तिच्या लहानपणी वाडीत चार गंगा होत्या. एकीला हाक मारली की चौघी ओ द्यायच्या.

मग हे नाव खाली घसरलं. आमच्याकडे टीव्ही आला तोवर मालिकांमधली गंगा म्हणजे भांडी घासणारी, पदर खोचलेली, मालकिणीच्या बोलण्यात नाक खुपसणारी बाई. सिनेमात गंगा असली की तिच्यावर काहीतरी संकट येणार आणि शेवटी ती पवित्रच निघणार, हे पहिल्या दहा मिनिटांत कळायचं. आता गंगा म्हणजे इमारतीची विंग. केबिन रोडवरच्या पूजेच्या दुकानात ती बाटलीतही मिळते, बूच लावून. पण माझ्या रजिस्टरात, इतक्या वर्षांत, एकही गंगा आलेली नाही. एकदा चेण्याहून एक म्हातारी नातीला घेऊन आली होती. फॉर्म भरताना मला म्हणाली, "माजा नाव गंगा हाय. हिला तेच ठेवाचा होता, पन सून न्हाय बोलली." नातीचं नाव असं होतं की मला स्पेलिंग दोनदा विचारावं लागलं.

आईच्या माहेरी तिला मामा होता तोवर गंगाच म्हणत. तिकडे गेल्यावर ती पुन्हा गंगा व्हायची, असं तिने सांगितल्यावर मला आठवलं की मामा तिला काहीतरी वेगळी हाक मारायचा. आम्हा मुलांना वाटायचं, बहीण-भावांचं काहीतरी लाडाचं असेल. मामा फोन करायचा तेव्हा पलीकडून "गंगे, जेवलीस काय गो?" असं ऐकू यायचं. मामा गेला त्याच्या तेराव्यानंतर आम्ही परत आलो. त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मला म्हणाली, "आता मला गंगा म्हणणारं कोणी राहिलं नाही."

मी म्हटलं, "मी म्हणू?"

"आईला नावाने हाक मारतात का? शहाणीच आहेस."

तेव्हा मला वाईट वाटलं. बराच वेळ वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी भावाला मुलगी झाली. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तो, त्याची बायको आणि आई भाईंदरच्याच इंद्रलोक भागात राहतात आणि मी दोन गल्ल्या सोडून. भावाने आणि वहिनीने नावांची यादी केली, त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, त्यावर मतदान ठेवलं. सगळी नावं दोन अक्षरी आणि अर्थ विचारावा लागेल अशी. आईकडे स्मार्टफोन आहे, पण तिने मत दिलं नाही. रविवारी सगळे जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "गंगा ठेवा."

भाऊ हसला. "आई, काय तू पण! शाळेत पोरं काय बोलतील तिला? कामवाली वाटते."

"नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा, त्यापेक्षा बरं," आई म्हणाली. मग दोन दिवस ती आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात जेवली. वहिनी बिचारी घाबरली. तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

भावाला आईचं पहिलं नाव माहीत नव्हतं. आईने मला बजावून ठेवलं होतं, सांगायचं नाही. "स्वतःचं नाव नातीला ठेवा म्हणणारी सासू," ती म्हणाली, "लोक तोंडात शेण घालतील." शिवाय जिवंत माणसाचं नाव तान्ह्या मुलाला ठेवत नाहीत, हीही एक रीत आहेच. म्हणजे हवं ते तिला कारण सांगून मागताही येत नव्हतं.

ते मिळालं ते वहिनीच्या आईमुळे. त्या रायगडकडच्या, मनाने मोकळ्या आणि डोळ्यांत पाणी कायम तयार. बाळाला बघायला आल्या, त्यांना नावाचं कळलं, भिंतीवरच्या फोटोखालचं आजीचं नाव त्यांनी वाचलं आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई! म्हणजे सासूबाईंचं नाव राखायचंय तुम्हाला? आजच्या काळात कोण करतं हो एवढं?" आणि रडायला लागल्या. वहिनीही रडली. भाऊ त्या हार घातलेल्या फोटोकडे बघत म्हणाला, "आई, तू आधी का नाही सांगितलंस?"

आता माझी आजी कशी होती ते सांगायला हवं. तिने आईला बत्तीस वर्षं एक दिवस धड जेवू दिलं नाही. आई ताटावर बसली की आजीला हमखास पाणी, पान, नाहीतर पाठीला तेल लागायचं. परळच्या खोलीतून भाईंदरला आलो तेव्हा दोन खोल्या, हक्काची दोन दारं झाली, तर आजीने आईला सांगितलं की रात्री दार लावायचं नाही. त्या बाईच्या भक्तीपायी माझी आई नातीचं नाव ठेवतेय, यावर सगळ्यांचा चटकन विश्वास बसला. सुनेबद्दल असं काहीही लोकांना पटतं. मी तोंड उघडणार होते. आईने ताक वाढता वाढता माझ्याकडे असं पाहिलं की मी ताक प्यायले.

नंतर मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. "तुझं नाव तिने घेतलं आणि आता पुण्यही तिलाच?"

"कुणाच्या का कोंबड्याने उजाडेना," आई म्हणाली, "उजाडल्याशी कारण. घरात कुणीतरी गंगा म्हणून हाक मारेल. मला ऐकू येईल. बास."

सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं झालं. आत्या मी, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. मी वाकून "कुर्रर्र" केलं आणि गंगा म्हटलं. पाठीत बायकांचे धपाटे पडले, त्यातला एक आईचा होता, चांगला जोरात. मागच्या भिंतीवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं लावली होती. शेजारची गुजराती काकी म्हणाली, "बहु सरस नाम छे." वॉचमन पेढा घेताना हात जोडून "जय गंगा मैया" म्हणाला. आईने त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती आणि ती सगळ्यांना दोन-दोनदा विचारत होती, "नाव कळलं ना?"

आणि मग आमचं जे व्हायचं ते झालं. त्या नावाने मुलीला हाक कोणी मारेना.

वहिनीने पहिल्या आठवड्यातच सांगितलं, "आजेसासूबाईंचं नाव आहे, ताई. अगं-तुगं कसं करायचं?" भावाची अडचण वेगळी. एकदा मुलीने त्याच्या ऑफिसच्या शर्टावर शू केली, तो "गंगे" म्हणून ओरडायला गेला आणि त्याची नजर फोटोवर पडली. शब्द त्याने गिळला. पुढे तो तिला पिल्लू म्हणायला लागला, वहिनी चिमू म्हणायची, विहीणबाई फोनवर माझी ठकी म्हणायच्या. थोरांचं नाव ठेवायचं आणि मग आदराने ते तोंडात घ्यायचं नाही, हे आमच्या लोकांना बरोबर जमतं. मुलीला नाव ठेवलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. थर्माकोलची अक्षरं खरोखरच माळ्यावर होती, पिशवीत.

मी जायचे तेव्हा मुद्दाम गंगा म्हणायचे. पण मी आठवड्यातून एकदा जाणार, आणि माझ्या तोंडून ते मुद्दामच वाटायचं. आई माझ्याकडे बघून मान हलवायची, राहू दे म्हणून.

ती स्वतःही म्हणत नव्हती. एकदा मी पाहिलं, बाळ पलंगाच्या कडेला सरकत होतं आणि आई "गं" म्हणून थांबली. मग "बाळा, बाळा" करत धावली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "स्वतःच स्वतःला हाक मारल्यासारखं होतं गं. हाक दुसऱ्याने मारायची असते." मला मात्र घरातल्या सगळ्यांचा राग यायचा, फोटोसकट.

नऊ महिने झाल्यावर गोवराची लस होती. वहिनीला सुट्टी नव्हती, म्हणून आई, मी आणि बाळ केबिन रोडवर मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. पहिल्या मजल्यावर दवाखाना, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत दोन बाकं. एका बाकावर मी बाळाला मांडीवर घेऊन बसले, समोरच्यावर जागा झाली तिथे आई. बाळ झोपलं होतं. टेबलाशी बसलेली पोरगी फाईल बघून एकेकाला बोलवत होती. तिच्या तोंडात च्युइंगम होतं आणि कुणाबद्दलही आदर नव्हता. ते फार बरं होतं, असं आता लिहिताना वाटतंय. तेव्हा मी फक्त घड्याळ बघत होते.

"गंगा!" ती ओरडली.

मी बाळाचं दुपटं सावरायला वाकले. वर बघितलं तर आई उभी राहिली होती. ताठ, हात अंगाला चिकटवून.

"हजर," ती म्हणाली.

बाकांवरचे लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. पोरगीने च्युइंगम गालात सारलं. "आजी, आप नहीं. बच्ची का नाम है गंगा."

आईचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, ती खाली बसेल. मी उठायलाही लागले होते.

"माझंपण तेच आहे," आई म्हणाली. मग त्या पोरीला कळावं म्हणून हिंदीत म्हणाली, मोठ्याने, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं. "मेरा भी नाम गंगा है."

"अच्छा?" पोरगीने फाईल उघडून टेबलावर ठेवली. "तो दोनों गंगा अंदर आ जाओ. जल्दी, डॉक्टर वेट कर रहे हैं."

आईने माझ्या मांडीवरून बाळ उचललं, खांद्यावर घेतलं आणि दार ढकलून आत गेली. पर्स माझ्याकडे द्यायची राहिली, ती तिच्या कोपराला लोंबकळत होती. मी बाहेर बसून राहिले.